यहूदाने दिलेली सून

चर्चच्या बारा प्रेषितांपैकी पहिले आठ धुऊन-पुसून, रंगवून परत गेले तोवर कोणाची काही तक्रार नव्हती. पेत्राच्या किल्ल्या चकचकीत झाल्या, थोमाचं तुटलेलं बोट जागेवर बसलं, योहानाच्या गालावरचे पोपडे गेले. डागडुजीवाली बाई कामाला चोख आहे, असं सगळे म्हणाले. नववा पुतळा फिलिप्पाचा होता आणि तिथून घोळ सुरू झाला.

बाईची कार्यशाळा म्हणजे घराच्या पुढच्या बाजूची लांबट खोली. कपड्यांच्या दुकानातल्या बिनडोक्याच्या बाहुल्या, नाक उडालेले देवदूत, एका शाळेने पाठवलेला फुटका पृथ्वीचा गोल, अशी सगळी मंडळी तिथे आपापला नंबर लागायची वाट बघत असायची. बाईचं बोलणं कमी आणि हात स्थिर. हे दोन्ही गुण तिच्या सासूने मागून घेतलेले होते, आणि तेही थेट फिलिप्पाकडे.

ही हकीकत सासूबाई समोरचा माणूस तावडीत सापडला की सांगत. मुलगा तिशी ओलांडून गेला. दिवसभर बस डेपोत इंजिनांखाली पाठीवर पडलेला, बाहेर आला तरी अंगाला ऑइलचा वास. त्याला कोणी पसंत करेना. तेव्हा सासूबाई नऊ मंगळवार फिलिप्पाच्या कोनाड्यासमोर गुडघे टेकून बसल्या. मागणं अगदी नेमकं होतं. सून कमी बोलणारी हवी, कारण बोलायला त्या स्वतः होत्या. आणि हाताची स्थिर हवी, कारण त्या घरातला चहा पिढ्यान्‌पिढ्या बशीत सांडत आला होता. दहाव्या मंगळवारी एक मुलगी डेपोत आली. बसच्या टपावरून आलेला प्लास्टरचा देवदूत तिला उतरवून घ्यायचा होता. मुलगा इंजिनाखालून सरपटत बाहेर आला आणि त्याने देवदूताचे पाय धरले. वरून तिने खांदे धरले होते. सहा महिन्यांत लग्न झालं.

"फिलिप्पाने दिलेली सून आहे ही," सासूबाई सांगत. "अशीतशी नाही."

फिलिप्पाची ख्यातीच तशी होती. पाच हजार माणसं समोर बसलीत, आता यांच्या जेवणाचं काय करायचं, ही काळजी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्यानेच बोलून दाखवलेली. म्हणजे माणूस संसारी. त्याच्या हातात पावही होता. मोठी कामं, मरणबिरण, ती पेत्राकडे न्यायची. हरवलेली स्कूटर, मूतखडा, अडलेली बढती, उडून गेलेला पोपट, असल्या घरगुती भानगडींना फिलिप्प. आणि तो ऐकायचा, हे सगळ्यांचं मत होतं.

तर त्या सकाळी बाई स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने फिलिप्पाच्या हातातला पाव पुसत होती. तपकिरी रंग निघाला, तो निघतच राहिला, आणि त्याच्याखालून चुण्या दिसायला लागल्या. मग एक गाठ दिसली. पावाला नाडी असते असं बाईने कधी ऐकलं नव्हतं. तिने आणखी दोन बोळे घेतले. पावाची थैली झाली.

तिने डोक्यामागचं वलय पुसून पाहिलं. सोनेरी थराच्या खाली काळं वलय होतं, कोळशासारखं काळं, आणि फार सुबक काम होतं ते. शेवटी ती खाली बसली आणि तिने पायाजवळची चौथऱ्याची पट्टी पुसली. एकेक अक्षर वर आलं. य. हू. दा.

थैलीभर चांदीसाठी प्रभूला धरून देणारा तो. बाई रंगाच्या डब्यावर बसली. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सरळ पुन्हा तपकिरी फासावा आणि मोकळं व्हावं. तिने ब्रश हातात घेतलाही. पण अकरा वाजले होते आणि अकराला सासूबाई चहा घेऊन येत.

"हे काय गं लिहिलंय?" सासूबाईंनी चष्मा वर केला.

"नाव आहे, आई."

"नाव आहे ते दिसतंय मला. इथे कशाला आलं?"

बाईने थैली दाखवली, वलय दाखवलं. सासूबाईंच्या हातातला चहा बशीत आला आणि बशीतून जमिनीवर. त्यांनी पुतळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या वळल्या आणि त्यांनी तसंच, वरपासून खालपर्यंत, सुनेकडे पाहिलं. पंधरा वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. फळवाल्याने खालची फळं घातलीत की काय, असं वाटल्यावर पिशवीत बघावं तसं ते बघणं होतं.

दुपारी फादर आले. फादर नवे होते, चर्चला येऊन त्यांना आठ महिने झाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कायम आपण चुकीच्या बसमध्ये बसलो आहोत असा भाव असे. त्यांच्याबरोबर चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष होते. हे निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्त ते फक्त पोस्टातून झाले होते. मास्तर म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. मास्तरांच्या हातात एक पिवळं पडलेलं पत्र होतं. बाईचा निरोप मिळताच त्यांनी चर्चचं जुनं कपाट उपसलं होतं.

"साठ वर्षांपूर्वीचं आहे," मास्तर म्हणाले, आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. पत्र पुतळ्यांच्या कारखान्याचं होतं. "आपल्या मागणीपैकी फिलिप्प सध्या शिल्लक नाही. सबब त्याऐवजी यहूदा पाठवत आहोत. उंची व वजन तेवढेच आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

खाली त्या वेळच्या फादरांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: सोनेरी अर्धा डबा, तपकिरी पाव डबा.

"बाई," फादर खाकरले, "यहूदा दोन होते. एक तो इस्कार्योत. आणि दुसरा चांगला."

"दुसरा तो." बाईने भिंतीकडे बोट केलं. तिथे सोटा घेतलेला अकरावा पुतळा उभा होता, पट्टीवर स्वच्छ अक्षरात तद्दय लिहिलेलं. "त्या यहूदाचंच दुसरं नाव. तो आहे आपल्याकडे."

फादरांनी भिंतीकडे पाहिलं. "थैली काय, कोणाच्याही हातात असते. माणूस बाजाराला जातो."

"आणि काळं वलय?"

"मेणबत्त्यांचा धूर," फादर म्हणाले. "साठ वर्षांचा धूर आहे, बाई. तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या की धूर असू शकतो. पुढचं मी बघतो."

एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर तिचं लग्न निदान चांगल्या यहूदाच्या नावावर गेलं असतं, सासूबाईंची मान ताठ राहिली असती, आणि फादरांना झोप लागली असती. बाईलाही हे कळत होतं. पण धुराचं काम तिने जन्मभर केलं होतं. धूर कसा बसतो, कुठे बसतो, कसा निघतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

"सोनेरी रंग वर आहे, फादर. त्याच्या आत धूर कसा जाईल? हा रंग आहे," ती म्हणाली. "धूर मी ओळखते."

दाराआड उभ्या असलेल्या सासूबाईंनी डोक्याला हात लावला.

रविवारी फादरांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. घाईघाईने, कागदावर लिहून आणलेली, वर न बघता. मग तिसऱ्या बाकावरचा एक गृहस्थ उठला. हा घड्याळं दुरुस्त करायचा.

"मग माझा मूतखडा कोणी पाडला?" त्याने विचारलं.

यावर फादरांच्या कागदात काही नव्हतं. मास्तर पुढे आले. असल्या प्रसंगी मास्तरांचा आवाज आपोआप काउंटरमागचा होत असे. "शांतता राखा. आजवर ज्यांना ज्यांना सदर कोनाड्यातून काही मिळालं असेल, त्यांनी उद्यापासून सकाळी दहा ते एक या वेळात आवारात येऊन नोंद करावी."

मास्तरांच्या मनात फक्त नोंद होती. किती माणसं, काय काय मिळालं, एवढं वहीत उतरवायचं आणि वही बिशपसाहेबांकडे पाठवून द्यायची. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते वेगळंच. सोमवारी दहा वाजता पहिला माणूस आला तो स्कूटर ढकलत.

"घ्या," तो म्हणाला. "चोरीला गेली होती, नवव्या दिवशी सापडली. मला नको याची."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. समोर माणूस आहे, वस्तू आहे, वेळ दहाची आहे. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी पावतीपुस्तक काढलं.

पावती मिळते म्हटल्यावर लोकांना उत्साह आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आवारात तीन शिवणयंत्रं, एक व्हायोलिन, कवळीचा वरचा भाग आणि तो उडून परत आलेला पोपट, पिंजऱ्यासकट, जमा झाला. बढती मिळालेल्या कारकुनाने ऑफिसातली आपली फिरती खुर्ची आणून ठेवली. एक वयस्कर जोडपं आपल्या मुलाला घेऊन आलं. अकरा वर्षं मूल होत नव्हतं, तेव्हा मागितलेला मुलगा. तो आता सव्वीस वर्षांचा होता, वजन नव्वद किलो. त्याची पावती लिहिताना मास्तरांचं पेन थोडं अडखळलं, पण लिहिली.

मूतखडेवाल्याची अडचण निराळी होती. खडा पडला तेव्हाच त्याने तो काचेच्या बाटलीत घालून कपाटात ठेवला होता. ती बाटली त्याने टेबलावर ठेवली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तुम्हाला खडा मिळाला नव्हता. तुमचा खडा गेला होता."

"हो."

"म्हणजे तुम्हाला मिळालेली गोष्ट परत करायची, तर खडा आम्ही घेऊन चालणार नाही. तुम्हाला तो परत घ्यावा लागेल."

घड्याळजी बाटली हातात घेऊन आवाराच्या कठड्यावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता, मधूनमधून बाटली उजेडासमोर धरून बघत.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी सुनेची बॅग भरली. स्वतःच्या हाताने, घड्या मोडू न देता, साड्यांच्या मध्ये कागद घालून. सगळ्यात वर लोकरीची शाल ठेवली.

"आवारात वारं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्या आवाजात, भिंतीला सांगितल्यासारखं, "सगळ्यांनी आपापलं नेऊन दिलं. उद्या लोक म्हणतील, हिनेच तेवढी ठेवून घेतली."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा डेपोत जायला निघाला होता, एक बूट पायात, एक हातात.

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं.

बाईने आपल्या ब्रशांचं भेंडोळं काखेत मारलं, दहाव्या पुतळ्याचा, बार्थलमयाचा, पाय अजून जोडायचा राहिला होता म्हणून पायही घेतला, आणि सासूबाईंच्या मागे चालायला लागली. रस्त्यात सासूबाईंनी दोनदा बॅग स्वतःकडे घेतली, जड आहे म्हणून.

मास्तरांनी पावती फाडली. सून, एक नग. स्थिती: चांगली. सासूबाईंनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि मागे न बघता निघून गेल्या.

बाई बाकावर बसली. शेजारी नव्वद किलोचा मुलगा पेपर वाचत होता.

"तुम्ही कशातल्या?" त्याने विचारलं.

"सून."

"मी मुलगा." त्याने सरकून जागा केली. "इथे बरं आहे तसं. घरी दर तासाला विचारतात, पुढे काय ठरवलंयस. इथे अजून कोणी विचारलं नाही."

बाईने बार्थलमयाचा पाय मांडीवर घेतला. टाचेची चीर बुजवायला घेतली. पंधरा वर्षं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी तिने त्यांना दोन महिने पेपर वाचून दाखवला होता, निधनवार्तांसकट. सासूबाईंनी तिच्या बाळंतपणात, ते मूल राहिलं नाही तेव्हा, तीन आठवडे तिच्या पायथ्याशी अंथरूण घातलं होतं आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. सासूबाई, आणि एक शब्द नाही! आणि आज एक नग. तिने चिरेत भरायचा लगदा पट्टीने दाबला, वाकडा बसला, पुन्हा खरवडून काढला.

दुपारी एकला फाटकातून सासूबाई आल्या. हातात डबा.

"परत केली म्हणून उपाशी ठेवायची असं कुठे लिहिलंय?" त्या कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या. त्यांनी बाकावर रुमाल पसरून डबा मांडला. एक भाग नव्वद किलोच्या मुलालाही दिला. मग बसून सुनेचं जेवण बघत राहिल्या.

"मीठ कसं झालंय?"

"जास्त."

"मला वाटलंच." थोडं थांबून, "सकाळपासून दोन कप फुटले."

बाईने घास खाली ठेवला. "आई, मला माझ्या आईवडिलांनी वाढवलं. यहूदाने नाही आणि फिलिप्पानेही नाही. त्या दिवशी मी डेपोत एक देवदूत उतरवून घ्यायला गेले होते. दिली जायला गेले नव्हते. तुमच्या मुलाने हात दिला, मला तो आवडला. तुम्ही मागितलंत म्हणून नाही. मला माहीतसुद्धा नव्हतं तुम्ही मागताय ते. आणि आवडला नसता ना, तर बाराच्या बारा जण आले असते तरी मी हो म्हटलं नसतं."

एवढं सलग बाई कधी बोलली नव्हती. नव्वद किलोच्या मुलाने पेपर खाली केला. सासूबाई उठल्या आणि डबा तिथेच टाकून निघून गेल्या.

संध्याकाळी नवरा आला, ऑइलच्या वासासकट, आणि बाकाच्या टोकाला टेकला. "आई दुपारपासून शास्त्र उघडून बसली आहे," तो म्हणाला. "चष्म्यावर भिंग धरून. मला चहासुद्धा विचारला नाही." मग हळूच, "सकाळी मी बोलायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाली.

"माझं काय होतं, की मला कोणी मागितलंच नव्हतं. त्यामुळे मला यातलं काही कळत नाही."

बाईला हसू आलं, पण तिने ते त्याला दिसू दिलं नाही. त्या रात्री ती चर्चच्या मागे राहणाऱ्या शिक्षिकेकडे झोपली.

बुधवारी आवारात सभा भरली, कारण आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. यहूदाचा पुतळाही हातगाडीवरून आणून मधोमध उभा केला होता. वलय अर्धं सोनेरी, अर्धं काळं, हातात नाडी आवळलेली थैली. फादरांनी सांगितलं की चर्चला या वस्तू ठेवून घेता येणार नाहीत, माणसं तर नाहीतच. मास्तरांनी सांगितलं की नियमाप्रमाणे न स्वीकारलेली वस्तू पाठवणाऱ्याकडे परत जाते. पाठवणारा कोण? सगळ्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. पुतळा काही बोलेना.

"फोडून टाका," स्कूटरवाला म्हणाला. "एकदा फोडला की विषय संपला."

"फोडल्यावर त्याने केलेली कामं रद्द होतील का?" घड्याळजीने घाबरून विचारलं. बाटली त्याच्या मुठीत होती.

यावर दीड तास चर्चा झाली. कोणी म्हणालं, होतील; कोणी म्हणालं, फक्त यापुढची होतील. कारकुनाने उपसमितीची सूचना मांडली. मधूनच पोपट ओरडायचा, "पावती घ्या! पावती घ्या!" दोन दिवसांत तो तेवढंच शिकला होता.

सासूबाई मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या काखेत ते जाडजूड शास्त्र होतं, मधे खुणेला सुनेच्या पावतीची घडी.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "प्रभूने प्रेषितांना गावोगाव पाठवलं. आजारी बरे करा म्हणून अधिकार देऊन पाठवलं. किती जणांना पाठवलं, फादर?"

"बारा," फादर म्हणाले.

"बाराच ना? अकरा नाहीत? मी काल तीनदा वाचलं. नावं दिलीत एकेक. सगळ्यात शेवटी याचं आहे." त्यांनी पुतळ्याकडे मान वळवली. "हा मागे राहिला, याच्या हातून काही झालं नाही, असं कुठे लिहिलंय का?"

"नाही," फादर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो बसमधला भाव पहिल्यांदाच थोडा हलला.

"मग हाही गेला असणार. दारोदार हिंडला असणार. कुठल्या तरी घरात कुठली तरी माझ्यासारखी म्हातारी, पाय गेलेली, खाटेवर पडून असेल. याने हात दिला असेल, ती उठून चालायला लागली असेल. आता पुढे ऐका. वर्ष-दीड वर्षाने तिच्या कानावर आलं असेल की तो माणूस असा असा निघाला. त्याने आपल्याच धन्याला धरून दिलं. रडली असेल, बोटं मोडली असतील. पण ती पुन्हा खाटेवर जाऊन पडली का? पाय परत केले का तिने?"

सासूबाईंनी शास्त्रातून पावतीची घडी बाहेर काढली.

"याचं जे पाप ते याचं," सासूबाई म्हणाल्या. "मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण पाय त्याचे नव्हतेच. ते ज्याचे त्याने याच्या हातून पाठवले होते. आणि ज्याने पाठवले त्याला माहीत होतं की कोणाच्या हाती देतोय."

घड्याळजीने बाटली खिशात टाकली. तो आधी एकटाच उठला, मग चालायला लागला, आणि फाटकापर्यंत जाता जाता जवळजवळ पळायला लागला. त्याच्यामागे शिवणयंत्रांची ओढाओढ सुरू झाली.

सासूबाई बाकाशी आल्या. सुनेकडे न बघता त्यांनी मास्तरांपुढे पावती टाकली.

"परतीचा अर्ज भरावा लागेल," मास्तर म्हणाले.

"मास्तर, माझी सून आहे ती. पार्सल नाही."

"नग म्हणून नोंद आहे."

"मग खोडा."

बाई मान खाली घालून काम करत होती. "माझा पाय व्हायचाय अजून," ती म्हणाली. म्हणजे बार्थलमयाचा.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

त्या चार वाजेपर्यंत बसल्या. बाईने टाच भरली, घासली, पुन्हा भरली, सुकू दिली, रंगाचा हात दिला. घाई म्हणून केली नाही. नव्वद किलोच्या मुलाने सासूबाईंना पेपरातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं आणि त्यांनी त्याला दोन आडवे शब्द चुकीचे सांगितले. शेवटी बाईने ब्रश पुसून भेंडोळ्यात ठेवले.

"यापुढे मला कोणी दिली असं सांगायचं नाही."

"मग काय सांगू? लोक विचारतात."

"आली म्हणायचं."

सासूबाईंनी बराच वेळ ते तोंडात घोळवून पाहिलं. "आली," त्या म्हणाल्या. "बरं. आली." मग त्यांनी बॅग उचलली आणि या वेळी ती जड आहे असं म्हटलं नाही.

बाकीचं सगळं यथावकाश मार्गी लागलं. स्कूटर दोन दिवस दवात राहिल्याने सुरूच होईना. बाईच्या नवऱ्याने ती दुरुस्त करून दिली. कवळी चुकीच्या घरी गेली आणि तिथे ती जास्त चांगली बसली. नव्वद किलोचा मुलगा रविवारपर्यंत आवारातून हलला नाही. मग आईवडील स्वतः आले आणि पुढे काय हे महिन्यातून एकदाच विचारू, असं फादरांसमोर कबूल केल्यावर गेला.

पुतळ्याचं काय करायचं यावर मतदान झालं. फोडा म्हणणारे चार, ठेवा म्हणणारे बाकीचे. बाईने उरलेला सोनेरी थर उतरवला, काळं वलय आणि थैली जशी होती तशी ठेवली, नावाची अक्षरं साफ केली. फादरांनी त्याला दाराजवळचा कोनाडा दिला, ज्यांना टाळायचं असेल त्यांना पटकन पुढे जाता यावं म्हणून. पण दाराजवळ उशिरा येणारे आणि आत जावं की नाही हे न ठरलेले लोक उभे असतात, हे फादरांच्या लक्षात आलं नव्हतं. महिन्याभरात तिथे रोज कोणी ना कोणी दिसायला लागलं. भावाशी दगा केलेला एक माणूस यायचा. आजारी बायकोला सोडून गेलेला आणि आता परतलेला एक यायचा. पेत्रासमोर ज्यांना तोंड वर करता येत नसे ते सगळे इथे येऊन निवांत उभे राहत. मास्तरही एकदा उभे होते, हातात पन्नासएक वर्षांपूर्वीचं, न पोचवलेलं एक पाकीट घेऊन. ते कोणाचं होतं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

सासूबाई अजूनही मंगळवारी जातात. बाईने एकदा न राहवून विचारलं, "आता काय मागता, आई?"

"मागत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "बातम्या सांगते. साठ वर्षं दुसऱ्याच्या नावाने उभा राहून लोकांच्या किडन्या आणि स्कूटरी ऐकत आला बिचारा. कोणी कधी दोन शब्द इकडचे-तिकडचे बोललं असेल का त्याच्याशी?"

"आज काय सांगितलंत?"

"पाणी दोन दिवस येणार नाही ते. आणि शिक्षिकेच्या भाचीचं ठरलं ते." सासूबाईंनी चपला काढल्या आणि पाय चोळत खुर्चीत बसल्या. "ऐकून घेतो. मधे बोलत नाही."